कारखान्याचा चढ आणि सम क्लच: खानापूरच्या एका गाडीचं प्रकरण

मे महिन्यातला शनिवार, दुपारचे साडेतीन. केरीच्या बाजूनं चोर्ला घाट चढताना एका वळणावर मालवाहू ट्रक बंद पडला होता आणि मागं गोव्याहून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेतून मला फोन आला.

"काका, गाडी हलंना झालीया. गिअरबॉक्स गरम म्हणून दाखवालाय. वास पण येवालाय."

कसला वास, म्हणून विचारलं. "घाटात जुन्या ट्रकच्या मागं येतोय बघा, तसला."

म्हणजे क्लच. गाडी कडेला घे, पी मध्ये टाक, इंजिन चालू राहू दे आणि अर्धा तास ॲक्सिलेटरला पाय लावू नकोस, एवढंच सांगितलं. अर्ध्या तासानं गाडी निघाली, कणकुंबी-जांबोटी करत रात्री बेळगावात पोचली आणि सोमवारी सकाळी उद्यमबागेत माझ्या गॅरेजच्या दारात उभी राहिली.

मालक चौतीस वर्षांचा. खानापूरजवळ काजूचा कारखाना, आठवड्यातून एक-दोनदा गोव्याला फेरी, आणि गाडी चालवण्याचा मनापासून नाद. गाडी चार वर्षांपूर्वी पुण्याहून घेतलेली सेकंड हँड टर्बो पेट्रोल सेडान, सात गिअरचा ड्राय ड्युअल क्लच, ६८ हजार किलोमीटर चाललेली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. या प्रकरणात दोष कंपनीचा निघाला नाही, तेव्हा नाव घेऊन तिला बट्टा लावायचं कारण नाही.

तो येतानाच निकाल घेऊन आला होता. "डीसीटी आपल्याकडच्या रस्त्यांची न्हाईच काका. विकतो आणि टॉर्क कन्व्हर्टरवाली घेतो." डीसीटी म्हणजे हाच ड्युअल क्लच, आणि टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढं देणारा दुसऱ्या जातीचा ऑटोमॅटिक. आणखी एक गोष्ट त्यानं जरा दबक्या आवाजात सांगितली: आठ महिन्यांपूर्वी गाडीला स्टेज वन ट्यून मारून घेतलं होतं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवली होती. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, त्या ट्यूननं गिअरबॉक्सच्या मर्यादेच्या वर नेला होता.

ते ऐकल्यावर माझ्याही मनात निकाल लागला. जास्तीचा टॉर्क, कोरडा क्लच, जळका वास. प्रकरण सरळ वाटत होतं, आणि मीही पहिल्या दिवशी ट्यूनलाच आरोपी धरून चाललो.

तपासणी

ड्युअल क्लच म्हणजे एका खोक्यात दोन मॅन्युअल गिअरबॉक्स, अशी कल्पना करा. एका क्लचवर विषम गिअर: पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्यावर सम गिअर: दुसरा, चौथा, सहावा, आणि या गाडीत रिव्हर्सही. गाडी तिसऱ्यात पळत असते तेव्हा चौथा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि चाकाकडं जाणारी ताकद मध्ये तुटत नाही. क्लच दाबायला माणसाचा पाय नाही, ते काम कॉम्प्युटर आणि हायड्रॉलिक्स करतात. पण क्लच तोच, मॅन्युअल गाडीतल्यासारखा अस्तराचा, घासून पकडणारा.

आता ट्यूननं क्लच मारला असेल तर तो कुठं दिसायला हवा? पूर्ण ॲक्सिलेटर दाबल्यावर, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, जिथं इंजिनाचा सगळा टॉर्क क्लचवर येतो. आरपीएम उडून वर जातो आणि गाडी तेवढी पळत नाही. मी स्कॅनर लावून मच्छेच्या पुढं खानापूर रस्त्यावर गाडी नेली. चौथ्यात १८०० आरपीएमपासून तळाला दाबली. क्लचच्या आधीचा वेग आणि नंतरचा वेग, दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून वर गेल्या. पाचव्यातही तेच. जिथं जोर सगळ्यात जास्त, तिथं क्लच निसटत नव्हता.

थरथर होती ती उठताना. पहिल्या गिअरमध्ये हळू सोडली की पुढचा भाग थडथडायचा. आणि रिव्हर्समध्ये तर त्याहून जास्त.

इथं मी थांबलो. पहिला गिअर विषम क्लचवर आहे आणि गाडी दर वेळी पहिल्यातच उठते, म्हणून विषम क्लच आधी थकतो. त्यात नवल नाही. पण सम क्लचवर गाडी कधीच उभ्यापासून उठत नाही. दुसरा, चौथा, सहावा हे गिअर येतात तेव्हा गाडी पळत असते, क्लच क्षणात पकडतो, घासायला वेळच मिळत नाही. उभ्यापासून उठण्याचं त्याचं एकच काम आहे: रिव्हर्स. तो विषम क्लचपेक्षा जास्त थरथरत होता. घाटात तर कुणी रिव्हर्स चढत नाही.

मालकाला विचारलं, रिव्हर्स एवढा कुठं वापरतोस? त्याला आठवेना. "मी तर रिव्हर्स पार्किंगलाच टाकतो, तेही सपाटीला." मग विचारलं, गाडी आणखी कोण चालवतं?

"आबा. रोज."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यावर गेलो. फाटकातून आत शिरलं की आवार वर चढत जातं. मोबाईलच्या लेव्हलवर तो चढ सात अंश भरला, म्हणजे शंभर मीटरला बारा मीटर. सकाळी काजूबियांचे ट्रक लागतात म्हणून गाडी वरच्या शेडमध्ये, तोंड फाटकाकडं करून उभी करायची, अशी तिथली रीत. म्हणजे आबा रोज संध्याकाळी फाटकातून सात अंशांचा तो चढ रिव्हर्समध्ये चढवतात. आणि निम्म्यावर वॉचमनची खोली आहे.

मी गेलो तेव्हा आबा बँकेतून येत होते. गाडी मागं चढली, निम्म्यावर थांबली, काच खाली आली. किती पोती उतरली, उद्या कोण येणार, डिझेल आलं का. इंजिनाचा आवाज जरा चढलेला. गाडी चढावर जागच्या जागी उभी, आणि ब्रेकचे दिवे लागलेले नाहीत.

मी विचारलं, "आबा, ब्रेकवर पाय नाही तुमचा?"

"ब्रेकवर कशाला? ॲक्सिलेटर जरा दाबून धरला की उभी ऱ्हाती की. सोडला तर घसरती."

आबांनी चाळीस वर्षं जीप आणि टेम्पो चालवलेले. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं हे त्यांच्या पिढीच्या ड्रायव्हरचं कसब होतं, आणि त्यात चूक धरण्यासारखं काही नाही. मॅन्युअल गाडीत डाव्या पायाला क्लचची थरथर लागते, वास यायच्या आधी पायाला कळतं. या गाडीत डाव्या पायाखाली काही नाही. गाडी त्यांना सांगत नव्हती की आत तोच हाफ क्लच चालू आहे.

उष्णतेचा हिशेब

हा हिशेब मी त्याच संध्याकाळी वहीत मांडला. तो इथं सविस्तर देतो, कारण ड्युअल क्लच की टॉर्क कन्व्हर्टर या वादात लोक शंभरच्या पुढचे आकडे सांगत बसतात आणि हा हिशेब कुणी करत नाही.

गाडी १४०० किलो धरू. सात अंशांच्या चढावर तिला खाली ओढणारा जोर साधारण १६७५ न्यूटन. चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटर, आणि पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरचा एकूण गुणक १६ च्या आसपास धरला तर क्लचवर फक्त ३२ न्यूटन मीटर टॉर्क येतो. इंजिनाच्या ताकदीच्या मानानं हे काहीच नाही. पण गाडी उभी आहे आणि इंजिन १२०० आरपीएमवर फिरतंय, म्हणजे क्लचची एक बाजू फिरते, दुसरी थांबलेली. ३२ न्यूटन मीटर गुणिले तो वेग: ४ किलोवॉट. बाथरूमातले दोन किलोवॉटचे दोन गीझर एका क्लचच्या आत चालू.

क्लचचं बिडाचं प्रेशर प्लेट पाच किलोचं धरलं, आणि एवढ्या वेळात उष्णता बाहेर निघालीच नाही असं मानलं, तर एका मिनिटात त्याचं तापमान शंभर अंशांनी वाढतं. वॉचमनशी बोलणं दोन मिनिटं चालतं. रोज.

अशा तापानं अस्तर लगेच संपत नाही. त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, प्लेटवर निळसर डाग पडतात, आणि मग क्लच कधी पकडतो, कधी सोडतो. तीच ती थरथर. चोर्ल्यातल्या रांगेनं शेवटचा धक्का दिला, पण तयारी कारखान्याच्या चढावर झाली होती.

आणखी एक आकडा. अशा गाडीत पहिला गिअर पूर्ण लागलेला आणि इंजिन ८०० आरपीएमच्या आयडलवर असेल तर गाडीचा वेग ताशी साधारण ६ किलोमीटर येतो. त्याहून हळू चालायचं असेल तर क्लचला घासावंच लागतं, दुसरा मार्ग नाही. टिळकवाडीत दुसरं रेल्वे गेट उघडल्यावर गाड्या ज्या गतीनं सरकतात ती सहाच्या खालची. गळीत हंगामात तवंदी घाटात दोन ट्रॉल्या उसाच्या लावलेला ट्रॅक्टर पुढं असेल तर तीही कधी कधी सहाच्या खालचीच. चोर्ल्यातली ती रांगसुद्धा.

म्हणून मी आता गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी विचारतो: ताशी सहाच्या खाली तुमची गाडी दिवसातून किती मिनिटं असते, आणि चढावर किती? शून्य ते शंभर किती सेकंदात, हे नंतर.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये काय होतं

तेलानं भरलेल्या गोल डब्यात समोरासमोर दोन पंखे. एक इंजिनाला जोडलेला, तो तेल फेकतो. दुसरा गिअरबॉक्सला जोडलेला, तो त्या तेलानं फिरतो. मध्ये स्टेटर, जो परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो आणि त्यामुळं टॉर्क वाढतो. गाडी उभी असताना ही वाढ साधारण दुप्पट असते. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, टर्बाइन आणि पंख्याची सांगड घालायला.

आबांच्या चढावर हीच गाडी टॉर्क कन्व्हर्टरची असती तर? टॉर्क दुप्पट होऊन मिळतो, म्हणून इंजिनाला अर्धाच द्यावा लागतो. उष्णता ४ ऐवजी २ किलोवॉट. हा फरक आहेच, पण मोठा फरक पुढचा आहे. ही उष्णता आठ-नऊ लिटर तेलात जाते, आणि ते तेल कूलरमधून फिरत असतं. कूलर नाही असं धरलं तरी मिनिटाला दहा अंशांच्या आतच. तिकडं शंभर, इकडं दहा. घासणारं अस्तर मध्ये कुठंच नाही.

मग पूर्वी या गिअरबॉक्सला लोक नावं का ठेवायचे? कारण तेल नेहमीच थोडं निसटतं. इंजिन ओरडायचं, गाडी मागून यायची, मायलेज पडायचं. लॉक-अप क्लच आला तेव्हा दोन पंखे थेट जोडता येऊ लागले, पण बरीच वर्षं तो वरच्या गिअरमध्ये, एका गतीनं चालतानाच लागायचा. आजचे चांगले गिअरबॉक्स गाडी उठल्यावर लगेचच लॉक-अप लावतात. झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ८एचपी २००९ मध्ये आला. चार प्लॅनेटरी संच (मधल्या चक्राभोवती फिरणारी छोटी दातेरी चक्रं), पाच क्लच-ब्रेक, आणि कुठल्याही गिअरमध्ये त्यातले फक्त दोन सुटे. घासणारे सुटे भाग कमी, म्हणून वाया जाणारी ताकद कमी. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत ऑटोमॅटिकच्या जगातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

बीएमडब्ल्यूचं उदाहरण मी मालकाला दिलं. २०११ ची एम५ सात गिअरच्या ड्युअल क्लचवर आली, ६८० न्यूटन मीटर. तिची पुढची पिढी, २०१७ ची, ७५० न्यूटन मीटरची, आठ गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरवर आली. एम३ आणि एम४ नीही पुढं तीच वाट धरली. पोर्शेनं मात्र ९११ मध्ये ड्युअल क्लचच ठेवला, पण साडेतीन टनांचा ट्रेलर ओढू शकणाऱ्या कायेनला टॉर्क कन्व्हर्टर दिला. चढावर जड ओझं घेऊन उठायचं म्हटलं की पोर्शेचे अभियंतेही तेलाकडंच वळतात, असं मी यातून समजतो.

ड्राय आणि वेट

इथं मालकाचा, आणि बऱ्याच जणांचा, एक घोटाळा होतो. "डीसीटी" या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आलेला सहा गिअरचा डीएसजी (फोक्सवॅगनचं ड्युअल क्लचचं नाव) वेट होता: क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या, उष्णता तेल वाहून नेणार, ३५० न्यूटन मीटरपर्यंत. २००८ मध्ये आलेला सात गिअरचा ड्राय. त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर, आणि तो हलका, कमी ताकद खाणारा, छोट्या गाड्यांसाठी. तेलाचा पंप सतत फिरवावा लागत नाही म्हणून मायलेज चांगलं. पण ४ किलोवॉट उष्णता आली तर तिला जायला हवेशिवाय जागा नाही.

आपल्याकडं हा फरक जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नसतो. टाटानं २०२२ मध्ये अल्ट्रोझला ड्युअल क्लच दिला तेव्हा तो वेट असल्याचं आवर्जून सांगितलं, ते मला आवडलं. स्कोडा स्लाव्हिया २०२२ मध्ये आली तेव्हा तर एकाच गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आणि ड्युअल क्लच दोन्ही मिळायचे: १.० लिटरला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, १.५ लिटरला सात गिअरचा डीएसजी. रोज बेळगाव शहरातच सरकायचं असेल तर लहान इंजिनाची गाडी घ्या, असं मी बिनदिक्कत सांगतो. हमरस्त्याची ओढ असेल तर १.५.

चोर्ल्यावरच्या दोन फेऱ्या

मालकाचा नाद खरा होता, म्हणून नुसत्या वहीवर निर्णय घ्यायचा नाही असं ठरलं. कोल्हापूरच्या एका ओळखीच्या माणसाची २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस मिळाली: २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, सहा गिअरचा वेट ड्युअल क्लच. दुसऱ्या रविवारी पुण्याच्या एका विक्रेत्याची बीएमडब्ल्यू ३३०आय आली: २५८ पीएस, ४०० न्यूटन मीटर, तोच आठ गिअरचा झेडएफ. दोन्ही वेळा पहाटे पाचला निघालो, गाव उठायच्या आत. जांबोटीपर्यंत झाडीतला रस्ता, मलप्रभेच्या उगमाचं कणकुंबी, मग घाट.

व्हीआरएसमध्ये पहिल्या वळणाआधीच मालकाचा चेहरा उजळला. स्टिअरिंगमागचं डावं पॅडल ओढलं की गिअर खाली, आरपीएम आपोआप जुळलेला, आणि ॲक्सिलेटरला गाडीचं उत्तर जणू मध्ये दांडाच बसवलाय असं. वर जाताना गिअर बदलल्याचं कळतं ते फक्त आवाजावरून. या सुखाचं मोल मी कमी करणार नाही. ड्युअल क्लचची गाडी घाटात चालवणाऱ्याला पुढच्या क्षणाची खात्री देते, आणि खात्री असली की माणूस घाई करत नाही.

तिची एक मर्यादाही तिथंच दिसली. चौथ्यातून एकदम दुसऱ्यात यायचं असेल तर दोन्ही गिअर एकाच क्लचवर, एकाच शाफ्टवर. मध्ये तिसऱ्याचा आधार घ्यावा लागतो. केरीच्या बाजूला एक वळण अचानक आवळतं, तिथं दोनदा पॅडल ओढल्यावर दुसरा गिअर किंचित उशिरा आला. अगदी किंचित, पण लक्ष देणाऱ्याला जाणवतो.

३३०आय त्याच वळणावर पाचव्यातून थेट दुसऱ्यात आली, कारण प्लॅनेटरी रचनेत सम-विषमाची भानगड नाही. स्पोर्ट मोडमध्ये लॉक-अप लागलेला राहतो आणि तेलाचं निसटणं जाणवत नाही. तरीही हळू वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलेटर अर्धा दाबला की एक मऊपणा येतो, जो व्हीआरएसमध्ये नाही. कुणाला तो आवडतो. मला तो नको वाटतो. चालवायला माझी निवड आजही वेट ड्युअल क्लच आहे, आणि मी ती मालकाला तशीच सांगितली.

परत येताना दोन्ही गाड्या कारखान्याच्या चढावर नेल्या. व्हीआरएस रिव्हर्समध्ये शांतपणे चढली. निम्म्यावर ॲक्सिलेटरवर धरून मिनिटभर उभी केली तेव्हा क्लचच्या तेलाचं तापमान स्कॅनरवर भराभर चढू लागलं, म्हणून मी तिथंच थांबवलं. दुसऱ्याची गाडी होती.

निर्णय

मालकाला आवडली होती व्हीआरएस, हे सांगायची गरज नव्हती. मी सुचवलं: चढावर ऑटो होल्ड (पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय) किंवा ब्रेक, एवढं आबांना समजावलं तर वेट क्लच वर्षानुवर्षं जाईल. ब्रेकवर पाय असला की ड्युअल क्लच पूर्ण सुटतो, घासणं शून्य. दर ६० हजारांना तेल आणि फिल्टर, बस.

त्यानं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "काका, आबा बहात्तरचे आहेत. त्यांना गाडी चालवू नका म्हणायचं झालं तर मी आधी गाडी विकीन. आणि त्यांच्या पायाची सवय मी बदलायला जाणार न्हाई. रोज संध्याकाळी ते वॉचमनशी बोलताना मी तिथं उभा ऱ्हाऊन ब्रेक ब्रेक म्हणू काय?"

मी माझ्या मताशी ठाम होतो, पण गाडी त्या घरात राहणार होती, माझ्या गॅरेजमध्ये नाही. त्यानं ३३०आय घेतली. पुण्याची नोंदणी, म्हणजे ना हरकत पत्र, कर्नाटकचा आजीवन कर, नवा केए-२२ नंबर. सीमाभागात महाराष्ट्राच्या पाटीवर वर्षानुवर्षं फिरणारे पुष्कळ आहेत; कायद्यानं दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीची तिथं नोंदणी लागते, आणि गाडीची किंमत ठरवताना हा खर्च आधीच धरावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

जुन्या गाडीचे दोन्ही क्लच बदलले. उघडल्यावर सम क्लचची प्लेट निळी पडलेली होती, विषमची त्यामानानं बरी. ट्यून काढून मूळ प्रोग्रॅम टाकला, नवे क्लच कुठं पकडतात हे कॉम्प्युटरला नव्यानं शिकवलं. ट्यूननं हा क्लच मारला नव्हता हे खरं, पण मर्यादेच्या वरचा टॉर्क घेऊन ड्राय क्लच पुढं किती दिवस टिकला असता, याची हमी मी कुणालाच देणार नाही. ती गाडी निपाणीच्या एका तरुणानं घेतली. क्लच का बदलले हे त्याला प्लेट हातात देऊन सांगितलं. त्याचं घर सपाटीला आहे आणि गाडी तो एकटाच चालवतो. तिच्यासाठी ती जागा योग्य आहे.

या प्रकरणानंतर सेकंड हँड ड्युअल क्लच तपासायची माझी पद्धत बदलली. पूर्वी मी हमरस्त्यावर पळवून बघायचो. आता आधी चढ शोधतो, इंजिन पूर्ण तापल्यावर रिव्हर्समध्ये पाच वेळा हळूहळू चढवतो, आणि थरथर ऐकतो. स्कॅनरवर दोन्ही क्लचचे आकडे वेगवेगळे वाचतो. सम क्लच विषमपेक्षा वाईट असेल तर मालकाला विचारतो की गाडी रात्री कुठं उभी असते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये चढ फारसं काही सांगत नाही. तिथं तेलाचा रंग आणि वास बघायचा, आणि ६० ते ८० च्या दरम्यान हलक्या पायानं चालवून लॉक-अप लागताना गाडी खरबरीत पट्ट्यावरून गेल्यासारखी हादरते का ते पाहायचं. तेल आयुष्यभर पुरतं असं विक्रेता म्हणाला तर मान डोलवायची नाही. झेडएफ स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते.

दिवाळीनंतर ३३०आयच्या तपासणीसाठी मी कारखान्यावर गेलो होतो. स्कॅनर लावलेला, मी शेजारच्या सीटवर, चालवायला आबा. फाटकातून गाडी मागं चढली आणि निम्म्यावर थांबली. काच खाली आली. ब्रेकवर पाय नव्हता. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान ८२ होतं. चंदगडहून किती माल येणार यावर बोलणं सुरू झालं तेव्हा ८५ झालं, मजुरीचा विषय निघाला तेव्हा ८८. नव्वदवर आकडा जवळजवळ थांबला.

"काय बगालाईस त्यात?" आबांनी विचारलं.

"काही नाही आबा, तुमचं चालू दे," म्हटलं, आणि त्यांनी वॉचमनला डिझेलचं विचारलं.